पऱ्हाटीचा पहिला बाजा

वीस किलोचं खोकं मांडीवर घेऊन कोल्हापूरहून वर्ध्याला कसा पोचलो, ते मी सांगणार नाही. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केला नाही त्यांनी करू नये. खोक्यात गिटारचा अँप्लिफायर होता, जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. कोल्हापुरात माझं अँप आणि गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या निखिल नावाच्या गिटारवाल्याने हा अँप माझ्याकडे पार्सलने पाठवला होता. मी दुरुस्त करून पार्सलनेच परत धाडला. वाटेत कुणीतरी तो असा आपटला, की महिन्याभरात तोच अँप त्याच खोक्यातून पुन्हा माझ्या टेबलावर! निखिल फोनवर रडकुंडीला आलेला. "काका, येत्या रविवारी आमचा पहिला प्रोग्राम हाय. अँप नाई तर बँड नाई." मी तिरीमिरीत म्हटलं, "आता मीच घेऊन येतो. बघू कोण आपटतंय ते." बायकोने हे ऐकलं आणि लगेच पिशवी भरायला घेतली. आमच्या घरात बोललं की करावं लागतं.

खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. या पोरांच्या गाण्याला मेटलकोअर म्हणतात. तीस वर्षं माझा धंदा आवाजातली खरखर काढायचा, आणि हे लोक मला पैसे देऊन तीच खरखर नीट बसवून घेतात. असल्या माणसांचं घरदार कसं असतं, ती खातात काय, याचं मला कुतूहल होतं.

जाम, गुरुवार सकाळ

जाम हा हमरस्त्यांचा फाटा. ट्रक, टायरची दुकानं, धाबे आणि संत्र्यांचे ढीग. एसटीतून उतरलो तर निखिल समोर उभा. तिशी ओलांडलेला, दाट दाढी, काळ्या टी-शर्टावर वाचता न येणारी अक्षरं, आणि हाताला टायरचं काळं. त्याने माझ्या हातातलं खोकं तान्ह्या पोरासारखं घेतलं आणि म्हणाला, "आधी पोहे, काका."

इकडे पोह्यांवर तर्री घालतात, म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. गाडीवाल्याने विचारलं, "तर्री कमी टाकू का?" कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न! म्हटलं, "टाका की, हात आखडू नका." इथेच फसलो. आमचं तिखट समोरून येतं, रंगावरूनच सांगतं की येतोय म्हणून. हे मागच्या दाराने शिरलं. तीन घास मजेत गेले आणि चौथ्याला अशी उचकी लागली की शेजारचा ट्रक ड्रायव्हर उठून उभा राहिला. गाडीवाल्याने एक संत्रं सोलून पुढे केलं. "घ्या, उतरते थे." उतरलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, याबद्दल मी त्याचा कायमचा आभारी आहे.

निखिल सात वर्षं नागपूरच्या एका मेटल बँडमध्ये वाजवत होता. मग एक जण बंगलोरला गेला, एक कॅनडाला, आणि तिसऱ्याने लग्न ठरल्यावर ड्रमसेट विकून टाकला. निखिल जामला परतून वडिलांच्या टायरच्या दुकानात बसला. वर्षभर गिटारला हात लावला नाही. मग एक दिवस दुकानासमोरून वरात चालली होती आणि त्यात बँड पार्टीचा गजू बाजा, म्हणजे ढोल आणि झांजा, एकट्याने वाजवत होता.

"काका, थो माणूस दोन हातांनं चौघाचं वाजवून राह्यला होता," निखिल म्हणाला. "मी टायर तसंच सोडून त्याच्या मागं मागं मांडवापर्यंत गेलतो. जेवूनच आलो."

समुद्रपूर, गुरुवार संध्याकाळ

बँडचं नाव पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. बोंडं वेचून झाली की जे वाळकं, काटक उभं राहतं आणि अंगाला ओरबाडतं, तेही पऱ्हाटीच. यांचा सराव चालतो शेषरावभाऊंच्या घरी, कापसाच्या खोलीत.

ही खोली मी जन्मात विसरणार नाही. भाव वाढेल म्हणून इकडे शेतकरी वेचलेला कापूस घरातच भरून ठेवतात. शेषरावभाऊंची मागची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली, मधे चार माणसं मावतील एवढी जागा मोकळी. मी आत शिरून टाळी वाजवली. टाळी तिथेच विरली, भिंतीवरून काही परत आलं नाही. असली खोली बांधून घ्यायला शहरातले स्टुडिओवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात, आणि इथे ती शेतातून घरात आलेली. मी भाऊंना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "भाव वाढला का आमचा स्टुडिओ जाईन, दिनूभाऊ. म्हणून आमी दोन्ही बाजूनं खूश." एकच त्रास, कापसाची खाज. सराव करताना चौघेही आळीपाळीने खाजवतात. मी दहा मिनिटांत त्यांच्यात सामील झालो.

शेषरावभाऊ पन्नाशीचे शेतकरी, खंजिरी भजन मंडळात पंचवीस वर्षं गाणारे. इथे ते बेस गिटार वाजवतात आणि गोड चालीचा भाग गातात. बेस कसा जमला विचारलं, तर म्हणाले, "एकतारीवाल्याले चार तारा म्हणजे चैनच हाय न बाप्पा!" गजू चाळिशीचा, किडकिडीत, सारखा हसणारा. मेटलकोअरमध्ये मधेच चाल संथ होते आणि जोर वाढतो. त्याला ब्रेकडाऊन म्हणतात, आणि ऐकणारे तिथे बेभान नाचतात. मला हे गजूने समजावलं. "वरात चौकात आली का आमी काय करतो? चाल धीमी अन् मार जास्त. नवरदेवाचा मामा तिथंच नाचते. थेच ब्रेकडाऊन." इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

चौथी प्रणाली. सत्तावीस वर्षांची, अंगाने बारीक, तालुक्याच्या कचेरीत लिपिक. माझ्याशी इतक्या हळू बोलत होती की मला कान पुढे करावा लागला. मग गाणं सुरू झालं, शेषरावभाऊंनी भजनासारखा एक अंतरा गायला, आणि या पोरीने तोंड उघडलं. आईशप्पथ! पोटातून, कमरेतून, जमिनीतून कुठून आला तो आवाज कोण जाणे.

"चूप होतो, मुके नवतो!"

एवढीच ओळ. अंगावर काटा आला, आणि तो कापसाचा नव्हता.

पण ओळ संपते न संपते तोच शेषरावभाऊंनी ती उचलली आणि पुन्हा म्हटली. निखिलने गिटार थांबवली. "काका, झील नाई द्याची! किती डाव सांगू? हे भजन नाई."

झील म्हणजे पुढच्या गायकाने ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलून परत म्हणायची. भजनाची, शाहिरीची ती जुनी रीतच आहे. शेषरावभाऊ ओशाळले. "तोंड आपोआप उघडते बाप्पा." पुन्हा सुरुवात झाली, आणि पुन्हा त्यांचं तोंड उघडलं. तिसऱ्या वेळी लाईन गेली. गिटार मेली, बेस मेला, आणि गजू अंधारात वाजवतच राहिला. चांगली चार मिनिटं. लाईन आल्यावर मी विचारलं, "अहो, थांबायचं नाही का?" तो चकित होऊन म्हणाला, "आमच्या उस्तादांचा नेम होता. घोडा उधळो नाईतर मांडव पडो, नवरदेव पोचेपर्यंत बाजा थांबत नाई. लाईन तं रोजच जाते."

रात्री जेवायला ओल्या तुरीच्या दाण्यांची आणि वांग्याची भाजी होती. आमच्याकडे अशी भाजी करत नाहीत, आणि का करत नाहीत ते मला आता समजत नाही. जेवताना प्रणाली शेजारी बसली होती. मी म्हटलं, "हा आवाज कुठे शिकलीस?"

"बाबांजवळ," ती म्हणाली.

तिचे वडील सुखदेवबाबू एसटीत कंडक्टर होते आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांची पार्टी चालवत, एप्रिलात भीमजयंतीला तर रोज. नवव्या वर्षापासून प्रणाली त्यांच्या मागे उभी राहून झील देत होती. "झील उशिरा आली का बाबा स्टेजवरच वळून पाह्यत. म्हणत, झील उशिरा आली का गाणं लंगडते." मागच्या वर्षी निखिलने बोलावलं आणि ती इकडे आली. पार्टीतला एक जण आधीच वारला होता, दुसरा पोराकडे नागपूरला गेलेला. ती गेली आणि पार्टी बंद पडली. सुखदेवबाबू तिला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तू गेली, माही झील गेली." तेव्हापासून त्यांनी गाणंच सोडलं. मुलीचं नवं गाणं त्यांनी एकदाही ऐकलेलं नाही. त्यांच्या मते ते ओरडणं आहे.

"माह्यामुळं त्याइचा गळा बंद पडला, काका. थे मले सहन नाई होत," ताटात बोट फिरवत ती म्हणाली. "रविवारी बाबा ऐकाले आले तं मी राहीन. नाई आले तं एप्रिलपासून मी परत त्याइच्या मागं उभी. बँडवाल्याइले अजून सांगतलं नाई."

माझा घास हातातच राहिला. एवढा मोठा आवाज, आणि तो एका म्हाताऱ्याच्या येण्या-न येण्यावर टांगलेला.

समुद्रपूर, शुक्रवार

मी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा माणूस नाही, असं मी म्हणतो. बायको काय म्हणते ते वेगळं. शुक्रवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेतली आणि सुखदेवबाबूंचं घर विचारत निघालो. ते ओट्यावर पेपर वाचत होते. पांढरा सदरा, नीट विंचरलेले केस, चष्म्यावरून बघणारी तिकीट तपासल्यासारखी नजर.

"तुमच्या पार्टीचा अँप बंद पडलाय असं ऐकलं," मी म्हटलं. "मी दुरुस्तीवाला."

"पार्टीच बंद पडली, अँपचं काय घेऊन बसले?" ते म्हणाले. पण उठले आणि पलंगाखालून अँप काढून आणला. वर धूळ नव्हती. रोज पुसत असणार.

आत एक कपॅसिटर फुगलेला आणि उंदराने दोन वायरी खाल्लेल्या. तासाभराचं काम. तोवर त्यांनी चहा दिला, मग भाजलेल्या शेंगा दिल्या, आणि माझ्या हाताकडे बघत बसले. अँप सुरू झाला तसा मी माइक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला. मग बोटाने माइकवर दोन टिचक्या मारल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, पुढं सरका, पुढं जागा हाय!"

मी खो खो हसलो. तेही हसले. म्हणाले, "पार्टीचा प्रोग्राम असाच सुरू व्हाचा. दोन टिचक्या म्हणजे डबल बेल. गाडी सुटली." मग हसणं थांबलं. "वरीस झालं, बेल नाई मारली."

मग त्यांनीच विषय काढला. "तुमी आयकलं का तिचं?"

"ऐकलं. बाबू, मी तीस वर्षं आवाजातच आहे. असा आवाज मी ऐकला नव्हता."

त्यांनी मान हलवली, पण कशाला ते कळलं नाही. "त्या ओरडण्यात झील कोण देते?"

"कुणी नाही. त्यांच्यात तशी पद्धत नाही."

"मंग थे एकटीच?"

"एकटीच."

माइकची वायर ते हळूहळू कोपरावर गुंडाळत राहिले. "एकट्यानं वर चढवलेला आवाज खाली उतरवाले कोणी लागते, भाऊ. नाईतर गळा जाते."

मी म्हटलं, "रविवारी चार वाजता, जामला, हायवेवरच्या लॉनमध्ये. या ना."

"रविवारी माही तब्येत बरी राह्यत नाई," सुखदेवबाबू म्हणाले, आणि पेपर उचलला.

गिरड, शनिवार

पहिल्या प्रोग्रामआधी गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात जाऊन यायचं, हा शेषरावभाऊंच्या भजन मंडळाचा रिवाज. बँडलाही तो लागू झाला. आमच्या बाजूला भजनी मंडळ, दर्गा आणि मेटलवाले एकाच ऑटोत बसलेले मी पाहिले नाहीत. इथे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. दर्ग्यात शेषरावभाऊंनी डोकं टेकवलं, गजूने टेकवलं. प्रणालीने हात जोडले नाहीत, बाहेर चपला सांभाळत बसली आणि येणाऱ्या बायांना पाणी दिलं. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. हे मला फार आवडलं.

टेकडीवर सुपारीएवढे गोल गोटे सापडतात. लोक सांगतात, एक व्यापारी गोण्या घेऊन चालला होता, आत काय आहे विचारल्यावर खोटं बोलला आणि मालाचे दगड झाले. गजू मला म्हणाला, "म्हणून इथं खोटं बोलाचं नाई, काका. खिशातलं सुद्धा दगड होते."

खाली झाडाखाली रोडग्यांचा बेत होता. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत खायचे. मी चार खाल्ले. पाचव्याला शेषरावभाऊंनीच माझा हात धरला. "उद्या तुमाले उभं राह्याचं हाय."

तेवढ्यात निखिलने प्रणालीला सहज विचारलं, "मार्चात नागपूरले प्रोग्राम घेऊ का? लोक विचारून राह्यले."

ती हातातला गोटा फिरवत होती. गजूचं बोलणं तिनेही ऐकलं असावं. तिने सगळं सांगून टाकलं. उद्या बाबा आले तर ती राहणार, नाहीतर एप्रिलपासून पार्टीत.

निखिल उठून टेकडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. एक बँड त्याच्या हातात फुटला होता, आता दुसरा. गजू पहिल्यांदाच हसत नव्हता. शेवटी शेषरावभाऊ म्हणाले, "थे तिच्या बापाचं हाय, निखिल. आपण काऊन मधात पडाचं? उद्या चांगलं वाजवू, बस." मला तिथे त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. त्याचंही त्यात काही कमी जाणार नव्हतं.

जाम, रविवार

रविवारी लग्नाची तिथ नव्हती म्हणून लॉन मिळालं होतं. मांडव आणि साऊंड मोरूभाऊंचा. पंचावन्नचे, शांत, हजार लग्नांचा अनुभव गाठीला. मी सकाळीच जाऊन तारा बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं. अर्थिंगची वायर मांडवाच्या बांबूला बांधलेली! बांबूला! तरुणपणी मी माझ्या डोळ्यांसमोर एका गायकाला माइकचा करंट बसलेला पाहिलाय. तो ओरडत होता आणि लोकांना वाटत होतं, रंगात आलाय. तेव्हापासून या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. खड्डा खणायला लावला, मीठ-कोळसा घातला, नवी वायर ओढली. दोन तास माझी बडबड चालू होती. वर मोरूभाऊंना मेन स्विचजवळ उभं करून सक्त ताकीद दिली, "माइक हातात धरून कुणी ओरडलं, की विचारत बसायचं नाही. आधी मेन पाडायचा. मग विचारायचं."

"समजलं," मोरूभाऊ म्हणाले.

दुपारी साऊंड तपासला. शेषरावभाऊंनी एक अभंग म्हटला, गजूने वाजवलं, माझा अँप सिंहासारखा गुरगुरला. प्रणालीने गळा राखायचा म्हणून नुसतं हॅलो हॅलो केलं. सगळं झकास.

चारला लॉन भरलं. हिंगणघाटहून कॉलेजची पोरं, नागपूरहून मोटारसायकलवाले, टोप्या घातलेलं अख्खं भजन मंडळ, आणि गजूला बघायला लाल कोट घालून आलेली त्याची जुनी बँड पार्टी. प्रणालीची आई पहिल्या रांगेत होती. शेजारची खुर्ची रिकामी. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. प्रणालीनेही स्टेजवरून ती खुर्ची बघितली, आणि मग तिकडे पुन्हा बघितलं नाही.

गाणं सुरू झालं. शेषरावभाऊंचा अंतरा असा लागला की भजन मंडळातले दोघे डोळे मिटून डोलायला लागले. मग गिटार वाढली, गजू वाढला, प्रणालीने माइक दोन्ही हातांनी तोंडाशी धरला, आणि...

"चूप होतो, मुके नवतो!"

खटाक!

मोरूभाऊंनी मेन पाडला.

माझीच अक्कल! जिथे ओरडणं हेच काम, तिथे मी त्या सज्जन माणसाला सांगून ठेवलं होतं की कुणी ओरडलं तर लाईन तोड. तो बिचारा हातात सुकं लाकूड घेऊन पोरीला वाचवायला स्टेजकडे धावत होता. "करंट! करंट लागला तिले!" मी ओरडत उलट दिशेला, मेनकडे पळालो.

पण बाजा थांबला नव्हता. गजू वाजवतच होता. नवरदेव पोचला नव्हता ना अजून! प्रणालीने मेलेल्या माइककडे बघितलं, तो खाली ठेवला, आणि उघड्या गळ्याने पुन्हा तीच ओळ फेकली. "चूप होतो, मुके नवतो!" शेषरावभाऊंचं तोंड आपोआप उघडलं. त्यांनी झील दिली. निखिलने या वेळी अडवलं नाही. पण एकट्या भाऊंचा आवाज एवढ्या मैदानाला कुठला पुरणार? तिसऱ्या वेळी तिचा गळा फाटल्यासारखा झाला. भाऊंचीही झील आली नाही, बाजाचे दोन ठोके रिकामे गेले.

आणि मागून, फाटकाजवळच्या पाण्याच्या टाकीमागून आवाज आला. खणखणीत. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचवायची तीस वर्षांची सवय असलेला.

"चूप होतो, मुके नवतो!"

सगळ्यांच्या माना वळल्या. पांढरा सदरा, नीट विंचरलेले केस. सुखदेवबाबू गर्दीतून वाट काढत पुढे येत होते. ती ओळ टाकायची, ते उचलायचे. ती टाकायची, ते उचलायचे. चौथ्या खेपेला भजन मंडळ उठलं. पाचव्या खेपेला लाल कोटवाले, मोटारसायकलवाले, प्रणालीची आई, सगळेच. मी मेनच्या दांड्यावर हात ठेवून उभा होतो. निखिलने स्टेजवरून मला हाताने खूण केली, राहू द्या. मी राहू दिलं. चोवीस तास मांडीवर वाहून आणलेला माझा अँप मुका पडला होता आणि मी ढसाढसा रडत होतो. सांगायला लाज कसली?

गाणं संपलं. सुखदेवबाबू स्टेजच्या खाली, अगदी तिच्या पायांशी येऊन थांबले. प्रणाली वाकून त्यांच्याकडे बघत होती. गळा बसलेला, डोळे भरलेले, पण आवाज अगदी कडक.

"बाबा, झील उशिरा आली. दोन ठोके."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"गाडी लेट होती, माय," ते म्हणाले. "पण पोचली न." मग जरा थांबून, "एप्रिलात मी गातो, तू झील दे. बाकी सालभर तू गा. मी हाय मागं."

तिने नुसती मान हलवली. शेषरावभाऊंनी टोपी काढून डोळ्यांना लावली. सुखदेवबाबू स्टेजला चिकटलेल्या पोरांकडे वळले आणि हात करून म्हणाले, "चला, जरा मागं सरका, मागं जागा हाय!" सगळे हसत मागे सरकले. मग त्यांनी वर गजूकडे बघितलं.

"पाह्यतं काय? डबल बेल मार. जाऊ दे गाडी."

गजूने झांजेवर दोन ठोके दिले, आणि मी मेन वर केला.